बायकांच्या बाकावरचे मामा

जनावराला सुई टोचण्याआधी मामा त्याच्या डोळ्यावर तळहात ठेवायचे. बैल असो, शेळी असो, की कुणी पिशवीतून आणलेली कोंबडी. "बघू नको," ते हळूच म्हणायचे. "बघितलं की जास्त दुखतं." तेवढ्यात दुसऱ्या हाताने काम झालेलं असायचं. जनावर गप्प राहायचं. तोंड वेडंवाकडं व्हायचं ते मालकाचं, कारण त्याच्या डोळ्यांवर कुणी हात ठेवलेला नसायचा.

तलासरीच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मामा ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, जनावर खोड्यात, म्हणजे लाकडी चौकटीत, उभं करायचं, लसीच्या पेट्यांत बर्फ भरायचा, सगळं त्यांच्याकडे. मी तिथली डॉक्टर. मी घाटावरची, बदलीची ऑर्डर हातात पडली तेव्हा हे गाव मला नकाशात शोधावं लागलं होतं. राहायला डहाणूत खोली घेतली आणि रोज एसटीने येऊ-जाऊ लागले. मामा उधव्याजवळच्या पाड्यावरून यायचे. घरचं भात, उतारावर नाचणी, दोन बैल, आणि मोजायला गेलं की कमीजास्त होणाऱ्या शेळ्या. सीमेपलीकडचा मालक आला की ते गुजराती बोलायचे, पाड्यावरच्या म्हातारीशी तिची बोली, माझ्याशी ऑफिसातली मराठी. जनावरांशी बोलायची भाषा वेगळी होती. ती मला शेवटपर्यंत नीट कळली नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्याच्या अंगातली भीती घालवण्यात हात बसलेला, आणि स्वतःच्या अंगात मात्र ती काठोकाठ भरलेली. मामांना सुईची भयंकर भीती वाटायची. स्वतःला टोचायच्या सुईची.

कोविडची लस द्यायला आरोग्य खात्याची गाडी आमच्या अंगणात आली, त्या दिवशी मामांनीच खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला, पाण्याचे ग्लास विसळून ठेवले. नाव पुकारल्यावर मात्र ते कुठेच सापडेनात. शेवटी मागच्या चाऱ्याच्या खोलीत, पेंढ्याच्या भाऱ्याआड बसलेले मिळाले. मी हसू दाबत बाहेर या म्हटलं. ते गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, त्या सिस्टर सुई उघडी धरून बोलत बसतात. असं करतात का कुणी?" अखेर लस घेतली. डोळे मिटून, माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून. नंतर दिवसभर दंड सांभाळत फिरत होते.

लम्पीची साथ आली त्या वर्षी आम्ही तालुकाभर हिंडलो. वेवजी, उधवा, मधले पाडे. गाईबैलांच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी, आणि प्रत्येक गोठ्यात एकच प्रश्न, हे माणसाला होतं का? होत नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला होता. मामाही तेच सांगायचे. म्हणून एकदा परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्यांनीच तो प्रश्न विचारला तेव्हा मला थट्टा वाटली.

"नक्की होत नाही ना, मॅडम?"

मी म्हटलं, नाही हो मामा.

"एखाद्याला?"

"एकालाही नाही."

त्यांनी मान हलवली आणि बाहेर बघत राहिले. असं उत्तर ऐकून माणूस मोकळा होतो. मामा मात्र आणखी आवळून बसले.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी जनावरांची गर्दी ओसरल्यावर, ते औषधांच्या खोलीत आले. दार लावलं, मग बाईमाणसासमोर बरं दिसत नाही म्हणून पुन्हा अर्धं उघडलं. बराच वेळ बाटल्या सरळ करत राहिले.

"तुम्ही डॉक्टर आहात," ते म्हणाले.

"जनावरांची."

"गाठ ती गाठच ना."

आणि त्यांनी शर्टाची वरची बटणं काढली.

डाव्या स्तनाग्राखाली बोराएवढी गाठ होती. कडक. बोटाने ढकलली तर जागची हलत नव्हती. वरची कातडी आत ओढल्यासारखी झाली होती. अशा गाठी मी कुत्र्यांच्या पोटावर पाहिल्या होत्या आणि त्यांचं पुढे काय होतं तेही पाहिलं होतं. माझं बोट तिथून निघेना. मान वर करायची हिंमत होईना, कारण मामा गाठीकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"गाय उठणार नसली की तुम्ही असंच तोंड करता," ते म्हणाले.

माणसांचं मला काही कळत नाही, असं मी म्हटलं.

"मग घाबरलात कशाला?"

मला खोटं सुचलं नाही. मी म्हटलं, "घाबरले खरी."

यावर त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. खुर्ची ओढून बसले आणि बोलायला लागले. गेल्या वर्षीची नाचणी काढली तेव्हापासून ती गाठ होती. आधी वाटलं बैलाचं शिंग लागलं असेल. मग वाटलं उष्णतेची असेल. लम्पी आला तेव्हा जवळजवळ आनंद झाला, की चला, निदान नाव तरी मिळालं. घरी सांगितलं नव्हतं. कारण एकच. तिथली गाठ म्हणजे बायांचा आजार, आणि तो आपल्याला झाला हे बायकोला, पोरांना, पाड्यावर कोणत्या तोंडाने सांगायचं?

डहाणूच्या सर्जनकडे मी त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ सांगितलं, की पुरुषांनाही तिथे स्तनाचा थोडा भाग असतो, क्वचित पण त्यांनाही हा आजार होतो. गाठ कसली आहे ते हाताने कळणार नाही, सोनोग्राफीत बघून सुईने तुकडा काढावा लागेल. मामांना त्यातले दोनच शब्द ऐकू आले, सुई आणि तुकडा. बाहेर आल्यावर म्हणाले की उधव्यात सगळे म्हणतात, अशा गाठीला सुई लागली की ती पसरते. नाही लावली तर निजून राहते. मी त्यांना समजावलं, पण माझ्या समजावण्यात जोर नव्हता. खरं सांगते, त्यांनी हट्टाने नाही म्हटलं असतं तर मी त्यांना कशी नेणार होते, मला माहीत नाही. ते नाही म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, "तुम्ही येणार ना?"

डहाणूच्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये ही तपासणी करणाऱ्या डॉक्टर गुरुवारी बाहेरून यायच्या. आम्ही गेलो तेव्हा बाहेरच्या बाकांवर सगळ्या बायका. काही नवऱ्यांबरोबर, काही बहिणींबरोबर, आणि सगळ्या एकमेकींची नजर चुकवत. मामा क्षणभर दारात थबकले. मग माझी पर्स मागून घेतली आणि ती मांडीवर दोन्ही हातांनी धरून माझ्या शेजारी बसले. बघणाऱ्याला वाटावं, हा बिचारा कुणाच्या तरी सोबत आला आहे.

तसंच वाटलं सगळ्यांना. माझ्या दुसऱ्या बाजूला सरावलीकडच्या एक बाई होत्या, चिकूच्या वाडीवाल्या, हातात जाड बांगड्या, केसांत अबोली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि माझा हात आपल्या हातात घेतला. म्हणाल्या, घाबरू नका ताई, माझी मागेही एकदा झाली आहे, सुईचं काही नसतं, रिपोर्टची वाट बघणंच वाईट. वडील आलेत का बरोबर, असंही विचारलं. मी नाही म्हटलं नाही आणि हो पण नाही. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, पण त्या बाईंनी हात धरला तशी मीच घाबरले. मीच पेशंट आहे, माझंच नाव आता पुकारतील, असं वाटायला लागलं. मामा पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होते.

काउंटरवरच्या मुलीने कागदावरचं आडनाव तेवढं वाचलं आणि म्हणाली, ब्रेस्ट बायोप्सीवाल्या बाई, आत या. कुणी उठलं नाही. तिने पुन्हा पुकारलं. वाडीवाल्या बाईंनी मला हलकेच ढोसलं, उठा ताई, लवकर सुटाल.

मी मामांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. एक क्षण मला वाटलं, आता हे उठतील आणि दाराबाहेर निघून जातील. कदाचित तेही तोच विचार करत होते. मग त्यांनी पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि उभे राहिले.

"बाई नाही," ते म्हणाले. "पेशंट मी आहे."

समोरच्या बाकावर कुणीतरी फोनमध्ये मान घातली. काउंटरवरची मुलगी कागद उलटसुलट करून बघू लागली. वाडीवाल्या बाईंनी माझा हात सोडला. मामांना वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "भाऊ, डावी का उजवी?"

"डावी."

"माझी पण डावीच. जा, या डॉक्टरांचा हात हलका आहे."

मामांनी त्यांना दोन्ही हात जोडले. आयुष्यात मी असा नमस्कार फार कमी वेळा पाहिला आहे.

आत थंडी होती. डॉक्टर वयाने माझ्याहून लहान, केस मागे घट्ट बांधलेले. मामांनी मी आत थांबावं अशी विनंती केली आणि त्या चालेल म्हणाल्या. मामा टेबलावर आडवे झाले. डावा हात डोक्याखाली. छातीवर गार जेल पडलं तसे ते एकदम आक्रसले. डॉक्टरांनी यंत्राचं टोक गाठीवर फिरवलं आणि पडद्यावर करड्या रेषांमध्ये एक काळसर डाग दिसला, कडा वेड्यावाकड्या. मला तो बघवेना.

मामांनी पसरण्याबद्दल विचारलं. डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, सुईने आजार पसरतो असं दिसत नाही, मामा. पण काय आहे ते न कळता बसलात तर तो आपला वाढत राहील. आधी बधिर करते, मग बारीक छेद, मग पडद्यावर बघत बघत सुई बरोबर गाठीत नेते, म्हणजे अंदाजाने कुठेही टोचणार नाही. तुकडा घेताना खटका दाबल्यासारखा आवाज येईल, दचकू नका. मामांनी विचारलं की आवाजाच्या आधी प्रत्येक वेळी सांगाल का. सांगेन म्हणाल्या.

बधिर करायची सुई हातात आली तशी मी मामांच्या उशाशी गेले. दुसरं काय करावं ते सुचलं नाही म्हणून माझा तळहात त्यांच्या डोळ्यांवर नेला. त्यांनी तो बाजूला केला.

"नको मॅडम. मला बघायचंय."

आणि त्यांनी पाहिलं. त्यांचे पाय लटलट हलत होते, इतके की टेबलावरचा कागद वाजत होता. पण मान वळवून ते पडद्याकडे बघत राहिले. सुई एका पांढऱ्या रेघेसारखी करड्यातून सरकत काळ्या डागापाशी आली. "आता आवाज," डॉक्टर म्हणाल्या. खट्. पुन्हा "आता आवाज," पुन्हा खट्. प्रत्येक वेळी मी दचकले, मामा दचकले, डॉक्टरांचा हात मात्र हलला नाही. शेवयांच्या तुकड्यांएवढे पांढरट धागे बाटलीतल्या पाण्यासारख्या औषधात सोडले गेले. मामांनी बाटली बघायला मागितली. उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"एवढंसंच," ते म्हणाले. कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

डॉक्टरांनी छातीवर दाबून धरलं, पट्टी लावली, बर्फ दिला, जड उचलू नका म्हणाल्या. तुकडे मुंबईला जाणार होते, रिपोर्टला आठवडाभर तरी लागणार होता. बाहेर आलो तेव्हा वाडीवाल्या बाई आत गेल्या होत्या. त्या मला पुन्हा कधी दिसल्या नाहीत. त्यांचा रिपोर्ट काय आला कोण जाणे.

तो आठवडा आम्ही दोघांनी कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. मी एका शेळीला दोनदा एकच औषध देता देता राहिले. मामा शांतपणे काम करत, पण फोन वाजला की हातातलं सांडायचे. घरी अजून सांगितलं नव्हतं. पट्टीवर रक्ताचा डाग दिसला तेव्हा बैलाने मारलं म्हणाले होते. त्यांच्या बायकोचा, म्हणजे मामींचा, त्यावर विश्वास बसला नाही. आपले बैल किती गरीब आहेत ते त्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी त्या एसटीने थेट दवाखान्यात आल्या. उंच, काटक, पदर खोचलेला. त्यांच्या बोलण्यात 'तुम्ही' नसायचं.

"तू सांग बाय," त्या मला म्हणाल्या. "याला काय झालं?"

मी मामांकडे बघितलं. मामा खोड्याच्या लाकडाला टेकून उभे होते. मान खाली घालून त्यांनी सांगितलं. अडखळत, पण सगळं. गाठ, बाक, सुई, मुंबईला गेलेले तुकडे. आणि शेवटी, बायांचा आजार आहे म्हणून तुला बोललो नाही, असंही.

मामी ऐकत होत्या. रागावल्या असतील असं मला वाटलं. त्या जवळ गेल्या आणि त्यांच्या शर्टाचं चुकीच्या काजात गेलेलं बटण सोडवून नीट लावून दिलं.

"बायांचा होता तर बाईलाच सांगायचा," त्या म्हणाल्या. मग वळल्या, तोंडाला पदर लावला आणि हातपंपापाशी जाऊन बराच वेळ उभ्या राहिल्या.

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. छातीचा तो भाग आणि काखेतल्या गाठी काढल्या. मग सलाइनमधून औषधं, मग रोजच्या गोळ्या. मामांचे केस गेले, भुवया गेल्या, चेहरा लहान मुलासारखा दिसायला लागला. मी भेटायला गेले की ते मला हॉस्पिटलातल्या सुयांच्या गोष्टी सांगायचे, कुठली सिस्टर उघडी सुई धरून बोलते आणि कुठली नाही. हसवायचे. आणि मी निघाले की म्हणायचे, "भीती वाटते, मॅडम." तेही तितक्याच सहज, पाऊस पडतोय म्हणावं तसं.

पुढच्या भातलावणीला ते परत कामावर आले. डावा हात पुरता वर जात नव्हता म्हणून खोड्याचं काम दुसऱ्याकडे गेलं. लसींच्या दिवसांत मात्र तेच लागायचे. मधली काही वर्षं चांगली गेली. मुलीचं लग्न झालं, मी जेवायला गेले होते. तारपा वाजत होता आणि मामा मांडवाच्या कडेला उभं राहून पाहुण्यांना पाणी देत होते. दर सहा महिन्यांनी मुंबईला तपासणी असायची. तिच्या आधीचा आठवडा ते कुणाशी बोलायचे नाहीत.

मग पाठ दुखू लागली. भात कापताना वाकल्यामुळे असेल म्हणाले. या वेळी मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं की त्यांनाही कळलं आहे. आजार हाडांत उतरला होता.

शेवटची भेट त्यांच्या पाड्यावरच्या घरी झाली. ओटीवर बाज टाकली होती, समोर अंगणात झोडलेल्या भाताची रास. मामी सूप घेऊन भात पाखडत होत्या आणि मधूनमधून बाजेकडे बघत होत्या. आम्ही दवाखान्याच्या गप्पा मारल्या. नवा ड्रेसर कसा आहे, कुणाची म्हैस व्याली. मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "तेव्हा सुई लावली नसती तर?"

मी म्हटलं, तर मुलीचं लग्न बघायला मिळालं नसतं कदाचित.

त्यांनी पाखडणाऱ्या मामींकडे पाहिलं. "हां," ते म्हणाले. "आणि बाईला सांगितलं पण नसतं."

भात घरात आलं त्या सुमारास मामा गेले. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्याला काही महिने झाले असतील. एका सकाळी दवाखान्याच्या दारात एक माणूस उभा होता. चाळिशीचा, अंगात रिक्षावाल्याचा खाकी शर्ट, हात रिकामे. मी जनावर कुठाय असं विचारलं. जनावर नाही म्हणाला. उधव्याचा होता. आत यायला तयार नव्हता आणि जायलाही. मी बाकीच्यांना बाहेर पाठवलं, तेव्हा तो खाली बघत बोलला.

"मामा सांगायचे आम्हाला स्टँडवर. पुरुषाला पण गाठ येते, छातीत लागली तर लपवू नका, तलासरीच्या मॅडमकडे जा. म्हणायचे, मॅडम स्वतः पण घाबरतात. पण बरोबर येतात."

मामांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं. आपली छाती, आपलं ऑपरेशन, तो बायकांचा बाक, हे सगळं ते रिक्षास्टँडवर उभं राहून पुरुषांना सांगत होते, आणि माझ्यासमोर मात्र सुयांच्या गमती.

मी डहाणूला फोन लावला. गुरुवारचा नंबर मिळाला. तो लिहून घेताना माझी दोनदा चूक झाली. तो माणूस शर्टाच्या वरच्या बटणाशी चाळा करत माझ्या तोंडाकडे बघत होता.

"बसा," मी म्हटलं. "गुरुवारी मी येते तुमच्याबरोबर."